अंबरातला किडा खरा की खोटा, आणि खरा असेल तर तो बघायचा कसा

आधी एक गोंधळ मिटवतो. आपल्याकडे किनाऱ्यावर नुसतं 'अंबर' म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, कारण डोक्यात येते ती व्हेलची उलटी. ती वेगळी. ती मेणासारखी, राखाडी, वास मारणारी असते आणि स्पर्म व्हेल संरक्षित असल्यामुळे ती बाळगणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तसलं काही वाळूत दिसलं तर वनखात्याला कळवा आणि मोकळे व्हा. मी बोलतोय ते झाडाच्या राळेचं झालेलं अंबर, ज्याला मराठीत तृणमणी म्हणतात, आणि ज्यात कधी कधी कोट्यवधी वर्षांपूर्वीचं चिलट किंवा कोळी अडकलेला असतो (कोळी म्हणजे जाळं विणणारा, नाहीतर आमच्या गुहागरकडे लोक भलताच अर्थ घेतात).

माझ्याकडे हे खूळ आलं मामेभावामुळे. तो बोटीवर असतो. एकदा पोलंडच्या ग्दान्स्क बंदराला बोट लागली होती तेव्हा तिथल्या बाजारातून त्याने अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा आणला. आईने बघितल्या बघितल्या "खडीसाखर कशाला आणलीस एवढ्या लांबून?" असं विचारलं. आत दोन काळे ठिपके होते. नंतर अजून काही तुकडे आले, काही ऑनलाइन घेतले, त्यातले दोन चक्क प्लास्टिक निघाले. तेव्हा जे शिकलो ते क्रमाने लिहितोय, कारण हल्ली बोटीवरची बरीच पोरं असे खडे आणतात आणि घरी कोणाला काही कळत नाही.

आधी राळ, डिंक आणि चीक यातला फरक हातात घेऊन बघा

हे सोडून पुढे जाऊ नका. काजूच्या बुंध्यावर जो पिवळा गोळा जमतो तो डिंक. वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवलात तर फुगतो, बुळबुळीत होतो. फणसाचा तो चीक, त्याचं तर सांगायलाच नको, तेल लावल्याशिवाय हाताचा सुटत नाही. या दोघांचंही अंबर होत नाही. अंबर होतं ते राळेचं, जी पाण्यात अजिबात विरघळत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात 'राळ' म्हणून मागा, दहा-वीस रुपयात पुडी मिळते, साल नावाच्या झाडाची असते. पूर्वी होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला तेलात राळ घालून वापरायचे, त्यामुळे जुन्या सुतारांना ती नाव घेताच कळते.

ही राळ झाडातून वाहते, तिच्यातले उडून जाणारे पदार्थ निघून जातात, उरलेल्याचे रेणू एकमेकांत गुंतत जाऊन ती कडक होते. पण उघड्यावर राहिली तर ऊन-हवेने तिचा भुगा होतो, म्हणून ती चिखलात, गाळात, हवा न लागता गाडली जायला हवी. काही हजार ते काही लाख वर्षं झाली की तिला कोपल म्हणतात, ते अजून कच्चंच. पुरतं अंबर व्हायला लाखो-कोट्यवधी वर्षं जातात. युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठचं अंबर साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांचं, कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातलं दीड-दोन कोटींचं, आणि म्यानमारच्या काचिन भागातलं सुमारे ९.९ कोटी वर्षांचं, म्हणजे डायनासोर जिवंत होते तेव्हाचं.

आपल्या शेजारीसुद्धा आहे बरं का. सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट (म्हणजे कच्चा, तपकिरी कोळसा) खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर मिळालंय, त्याला खंबातचं म्हणजे कॅम्बे अंबर म्हणतात, आणि २०१० मध्ये त्यातल्या किड्यांवर मोठा अभ्यास छापून आला. शंभराहून जास्त प्रकारचे किडे-कोळी त्यात होते. गंमत म्हणजे ती राळ ज्या झाडांची, ती सालाच्याच कुळातली. म्हणजे वीस रुपयाची पुडी आणि ५ कोटी वर्षांचं अंबर एकाच खानदानातलं.

लगेच फावडं घेऊन कातळावर जाऊ नका. आपला काळा कातळ हा थिजलेला लाव्हा आणि जांभा हा त्याचाच कुजून झालेला, त्यात राळ टिकणार कुठून? समुद्राच्या वाळूत जे नारिंगी पारदर्शक खडे मिळतात ते काच नाहीतर प्लास्टिक, मी स्वतः पिशवीभर गोळा करून बसलो होतो. हां, रत्नागिरीच्या आसपास जांभ्याखाली कुठे कुठे लिग्नाइटसारखा काळा, जळक्या लाकडाचा थर विहीर खणताना लागतो. तसल्या थरात पिवळे चमकणारे दाणे दिसले तर धुऊन काढत बसू नका, जागेवरच फोटो घ्या, किती फुटांवर लागला ते लिहा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवा.

खरेपणाची तपासणी

तपासणीला बसताना शेजारी तीन गोष्टी ठेवा: दुकानातला राळेचा खडा, प्लास्टिकचा पिवळा मणी आणि काचेचा तुकडा. प्रत्येक चाचणी आधी या तिघांवर करायची आणि मग आपल्या तुकड्यावर. नाहीतर काय व्हायला हवं होतं तेच कळत नाही.

पहिली मिठाच्या पाण्याची. पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, साधं जाडं चालेल, पूर्ण विरघळून पाणी निवळेपर्यंत थांबा. या पाण्याची घनता होते १.१२ च्या आसपास. अंबराची असते १.०५ ते १.१०, म्हणजे ते तरंगतं. काच, बेकेलाइट आणि शोच्या वस्तू ओततात ते पॉलिएस्टर रेझिन खाली बसतं. नुसत्या समुद्राच्या पाण्यात ही चाचणी करू नका, त्याची घनता जेमतेम १.०२५, त्यात खरं अंबरही हळूहळू बुडतं, आणि मी पहिल्यांदा हेच करून मामेभावाला फोनवर फसलास म्हणून सांगितलं होतं. मीठ जास्त घातलंत तर उलटा घोटाळा, मग काही प्लास्टिकसुद्धा तरंगायला लागतं. आईने मुठीच्या अंदाजाने घातलं होतं, काच सोडून सगळंच वर आलं. वजनकाटा वापरा. चांदीत किंवा दोऱ्यात बसवलेला खडा असेल तर ही चाचणी होणार नाही. झाल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा आणि पुसा, मीठ भेगेत राहता कामा नये.

पण तरंगलं म्हणजे जिंकलं असं नाही. कोपल तरंगतं, दुकानातली राळही तरंगते, पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिकही तरंगतं. म्हणून पुढची चाचणी जांभळ्या टॉर्चची. नोटा तपासायला वापरतात तो, ३६५ नॅनोमीटर लिहिलेला मिळाला तर उत्तम. खोली पूर्ण अंधारी करून मारा. बाल्टिक अंबर निळसर-पांढरं किंवा हिरवट उजळतं, डॉमिनिकन तर चांगलंच निळं होतं. बरंचसं प्लास्टिक मढ्यासारखं गप्प बसतं, पण काही प्लास्टिकसुद्धा उजळतं, म्हणून हा एकटा पुरावा धरायचा नाही.

कोपल ओळखायला एसीटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं. किड्यापासून लांब, मागच्या बाजूला, कानात घालायच्या कापसाच्या काडीने अगदी एक थेंब, दहा सेकंद, आणि पुसून बोट लावून बघा. चिकट लागलं, ठसा उमटला तर कच्ची राळ किंवा कोपल. बाल्टिक अंबराला एवढ्याने काही होत नाही. याला एक अपवाद लक्षात ठेवा, खंबातचं अंबर मुळातच मऊ घडणीचं आहे, शास्त्रज्ञ ते योग्य द्रावणात पूर्ण विरघळवून आतला किडा अखंड मोकळा काढतात, तेव्हा तसल्या तुकड्यावर एसीटोन म्हणजे आत्महत्याच.

लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायची चाचणी सगळे सांगतात. तृणमणी हे नाव त्यावरूनच, गवताची काडी ओढणारा मणी, आणि ग्रीक लोक अंबराला जे 'इलेक्ट्रॉन' म्हणायचे त्यावरून इलेक्ट्रिसिटी आली. छान गोष्ट आहे पण चाचणी म्हणून बिनकामाची, कारण प्लास्टिकही कपटे उचलतं, आणि आपल्याकडे जुलै महिन्यात तर काहीच काही उचलत नाही, हवा एवढी दमट. डिसेंबरात पोरांना दाखवायला करा.

आणि तापलेली सुई. इंटरनेटवर जो तो हेच सांगतो, सुई तापवून टोचा, राळेचा वास आला तर खरं. मी केलं. वास आला, अगदी देवळातल्या धुपासारखा आला, मी खूश, आणि दुसऱ्या क्षणी 'टिक्' असा बारीक आवाज. सुईच्या भोकापासून केसाएवढी भेग निघाली आणि थेट चिलटाच्या डाव्या पंखाला जाऊन थांबली. आता प्रत्येक फोटोत ती भेग आधी दिसते. ज्यात किडा आहे त्या तुकड्याला सुई लावायची नाही, विषय संपला.

किडाच सांगतो खोटं काय ते

माझं स्पष्ट मत, खड्याच्या सगळ्या चाचण्या एका बाजूला आणि आतल्या प्राण्याचं वागणं एका बाजूला. मोठा, देखणा, बरोबर मधोमध, सहाही पाय दोन्हीकडे सारखे पसरून, वरून बघितल्यावर शाळेच्या तक्त्यासारखा दिसणारा किडा असेल तर तो नव्याण्णव टक्के मेल्यावर बसवलेला. विंचू असेल तर शंभर टक्के म्हणा, खरा विंचू अंबरात इतका दुर्मिळ की तो की-चेनच्या भावात तुमच्यापर्यंत येणार नाही.

खरा किडा जिवंतपणी चिकटलेला असतो. तो धडपडलेला असतो. त्यामुळे पाय वेडेवाकडे, एखादा तुटून बाजूला पडलेला, पंख चुरगळलेला, तोंडाजवळ किंवा पोटाजवळ हवेचा बुडबुडा. आजूबाजूला राळेच्या ओघाच्या रेषा असतात, चहात दूध ओतताना दिसतात तशा, आणि त्या किड्याला वळसा घालून जातात. बाल्टिक तुकड्यात बऱ्याचदा किड्याच्या एका अंगाला पांढरट दुधाळ साय असते, ती मेलेल्या शरीरातून निघालेल्या वायू-ओलाव्याचा फेस आहे, तिला डाग समजू नका, ती चांगली खूण. तसेच तारेच्या आकाराचे बारीक केस दिसले तर आनंद करा, ते ओकच्या फुला-कळ्यांवरचे, बाल्टिक अंबराची जणू सहीच.

तरी भलेभले फसतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरातली एक माशी होती, आजच्या संडासातल्या माशीसारखी हुबेहूब, आणि एवढ्या वर्षांत माशी काहीच कशी बदलली नाही याचं लोकांना कौतुक. १९२२ मध्ये म्युझियमने तो संग्रह घेतलेला, १९६६ मध्ये एका मोठ्या माशीतज्ज्ञानेही ती खरी धरली. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस नावाचा संशोधक ती सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता आणि दिव्याच्या उष्णतेने एक चीर दिसू लागली. कोणीतरी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी खरं अंबर दोन भागात कापून, आत कोरून, त्यात आजची माशी ठेवून परत चिकटवलं होतं! अंबर खरं, माशी खोटी. मिठाच्या पाण्याने हे कधीच कळलं नसतं. म्हणून तुकडा कडेने फिरवत बघा, सरळ रेषेत जाणारी सपाट जोडणी आणि त्या एकाच पातळीत पसरलेले चपटे बुडबुडे दिसले तर संशय घ्या.

आता बघायचं कसं

सराफ वापरतात ते दहा पटीचं भिंग घ्या, किंवा मोबाइलला लावायची मॅक्रो क्लिप, तीनशेच्या आसपास मिळते आणि पुरते. खरी अडचण भिंगाची नसते, वरच्या ओरखड्यांची असते. तुकडा गोल असला की प्रकाश वाटेल तसा वाकतो आणि किडा कधी जाडा दिसतो कधी दिसतच नाही.

यावर स्वस्तातला उपाय ग्लिसरीन. मेडिकलमधून बाटली आणा, काचेच्या छोट्या वाटीत ओता, तुकडा त्यात बुडवा आणि वरून बघा. शिंपला वाळूत कोरडा असताना मळका दिसतो आणि लाटेने ओला केला की रंग उठतो ना, तसंच. प्रकाश हवेतून अंबरात शिरताना खूप वाकतो कारण अंबराचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) १.५४, ग्लिसरीनचा १.४७, दोघांत फरक थोडा राहिला की ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात. खोबरेल तेलही चालतं पण ते पुसून निघत नाही आणि थंडीत वाटीतच थिजतं. पाच-दहा मिनिटांत काम उरका, मग साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा. सॅनिटायझर, स्पिरिट, कोलन वॉटर काही लावू नका.

उजेड वरून नको. वाटीखाली बटर पेपर ठेवून खालून एक मंद दिवा आणि बाजूने दुसरा, मग पंखांच्या शिरा दिसतात. वाटीखाली आलेख कागदाचा तुकडा सरकवा म्हणजे मोजमाप आपोआप फोटोत येतं. फोन हाताने धरू नका, दोन डबे आणि एक पट्टी लावून स्टँड करा, आणि फोकस थोडा थोडा खाली नेत दहा-पंधरा फोटो काढा, नंतर फोकस स्टॅकिंगच्या फुकट अ‍ॅपने ते एकत्र होतात. हेडफोनचं बटन दाबून फोटो काढलात तर फोन हलत नाही.

अगदीच काही दिसत नसेल तर एक बाजू सपाट घासून 'खिडकी' करतात. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर, ८०० पासून सुरू करून १०००, १५००, २०००, सतत पाण्याखाली, कोरडं कधीच नाही, शेवटी जीन्सच्या कापडावर टूथपेस्ट. किडा पृष्ठभागापासून दोन मिलिमीटरपेक्षा जवळ असेल तर हात लावू नका. मी तरी पहिल्यांदा दुकानातल्या राळेवरच सराव केला, ती मऊ असल्याने लगेच कळतं की जोर किती कमी लावायचा.

ओळख पटवणं

आधी पाय मोजा. सहा म्हणजे कीटक, आठ म्हणजे कोळी किंवा त्याचे भाऊबंद. सोपं वाटतं ना? माझ्या तुकड्यातल्या कोळ्याला मी आठवडाभर दहा पाय मोजत होतो. पुढचे दोन आखूड, ते पाय नव्हेत, ती स्पर्शकं. त्यांच्या टोकाला बॉक्सिंगच्या ग्लोव्हजसारखे गोळे दिसले तर तो नर, आणि तज्ज्ञ लोक जात ओळखतात ती त्या गोळ्यांच्या घडणीवरून, त्यामुळे तिथला फोटो सगळ्यात स्वच्छ हवा. शरीराचे दोन भाग आणि मध्ये बारीक कंबर असेल तर कोळी. कंबर नाही, सगळं एकच गोटीसारखं आणि पाय दोऱ्यासारखे लांब, तर तो कोळ्याचा चुलतभाऊ. अगदी टिपक्याएवढं आठ पायांचं म्हणजे बहुतेक माइट, आपल्या गोचिडाच्या खानदानातलं. नांग्या आहेत पण शेपूट नाही, तो 'खोटा विंचू' (हे त्या वेगळ्या प्राण्याचं नावच आहे), आणि तो अंबरात खरोखरचा मिळू शकतो.

कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले दिसले तर दचकू नका. कोपऱ्यात मेलेला कोळी कसा मूठ मिटल्यासारखा होतो, कारण त्याच्या पायांच्या काही सांध्यांना सरळ करायला स्नायूच नसतो, आतल्या द्रवाच्या दाबाने तो पाय ताणतो, आणि दाब गेला की पाय मिटतात. अंबरातही तेच.

कीटक असेल तर पंख मोजा. दोन पंख म्हणजे माशी-डास-चिलट मंडळी, आणि बाल्टिक अंबरात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त हेच निघतात, त्यामुळे तुमचा किडा चिलटच निघाला तर नाराज होऊ नका, तेच स्वाभाविक आहे. माझ्या त्या भेग पडलेल्या चिलटाला, एकूण लांबी अडीच मिलिमीटर, डोक्यावर झुबकेदार मिशा आहेत, बाटली धुवायच्या ब्रशसारख्या. म्हणजे नर, त्या मिशांनी तो मादीच्या पंखांचा आवाज ऐकतो. याची पिल्लं बहुतेक पाण्यात वाढतात, म्हणजे ती राळ गाळणाऱ्या झाडाच्या जवळपास डबकं किंवा ओहोळ असणार. परवा आमच्या विहिरीवरच्या दिव्याभोवती असलीच चिलटं घोंघावत होती, एक पकडून भिंगाखाली शेजारी ठेवलं. तीच मिशी, तोच कुबडासारखा पाठीचा उंचवटा. आजचा किडा शेजारी ठेवून बघणं हीच ओळखीची सगळ्यात चांगली पद्धत, पहिल्या पावसात ट्यूबलाइटखाली पडणारी पाखरं, मुंग्या, केमरं गोळा करून काडेपेटीत ठेवत जा.

कधी कधी उलटंही होतं, आधी अंबरात सापडतो आणि मग जिवंत. लांब मानेचा आणि मोठ्या जबड्यांचा एक कोळी १८५४ मध्ये बाल्टिक अंबरातून वर्णन केला गेला, लोकांना वाटलं संपलेली जात, आणि १८८१ मध्ये त्याचे जिवंत नातेवाईक मादागास्करला निघाले. आणि २०१८ मध्ये काचिनच्या अंबरातून चक्क शेपटीचा कोळ्यासारखा प्राणी जाहीर झाला. पण काचिनचं अंबर तिथल्या सशस्त्र संघर्षात अडकलेलं आहे, खाणींच्या पैशावरून बरेच संशोधकही त्यापासून लांब राहतात, माझं म्हणणं हौसेसाठी ते विकत घेऊच नका.

कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो: आतल्या डासातून डायनासोरचं रक्त वगैरे काही निघत नाही. किडा बहुतेक वेळा आतून पोकळ असतो, वर नुसतं काळं कवच. १९९० च्या दशकात अंबरातून डीएनए काढल्याचे दावे झाले होते पण ते परत कोणाला जमले नाहीत.

सांभाळणं

ऊन आणि हवा, दोन्ही अंबराचे शत्रू. खिडकीत ठेवलंत तर काही वर्षांत पृष्ठभागावर बारीक जाळी पडते, रंग लालसर होतो. छोटी झाकणाची डबी, आत मऊ कापड, अंधारं कपाट, पत्र्याच्या छपराखालची खोली नको. फ्रिजही नको, थंड-गरम होऊन तडकतं. डबीत एक चिठ्ठी टाका, कुठलं अंबर, कोणी आणलं, कधी, आत काय दिसलं, आणि तुकड्याच्या कुठल्या बाजूने. चिठ्ठी नसलेला तुकडा अभ्यासाला कवडीमोल असतो.

डांबरगोळ्या आणि कापूर मात्र त्याच कपाटात चालणार नाहीत, त्यांची वाफ राळेला बाधू शकते. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे मग आधी सांगायचं ना, मी तर ती डबी देव्हाऱ्यात कापराच्या डबीवरच ठेवलीय."